पडद्यावर २०० मिलिसेकंद मागितले, फाइलमध्ये २१७ आले

मानसशास्त्राचे प्रयोग संगणकावर चालवणाऱ्यांची तक्रार जवळजवळ प्रत्येक वेळी त्याच शब्दांत येते. "माझ्या लॅपटॉपवर प्रयोग नीट चालतो, प्रयोगशाळेतल्या संगणकावर मात्र वेळा चुकतात." सोबत फाइलचा एक तुकडा असतो. चित्र २०० मिलिसेकंद दिसायला हवं होतं आणि रकान्यात २००, २१७, २००, १८३, २१७ असे आकडे असतात. तोवर तक्रार करणाऱ्याने सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलेलं असतं, अख्खा संगणकही एकदा पुसून झालेला असतो. आता 'सायकोपाय हे प्रयोग चालवायचं सॉफ्टवेअर सोडून दुसरं, ई-प्राइम घ्यावं का' असा विचार चाललेला असतो.

एवढ्यावर थांबा. साधन बदललं तर साधन नवं येईल, आकडे बहुतेक तेच राहतील. सायकोपाय, सायकटूलबॉक्स, ई-प्राइम, प्रेझेंटेशन, ओपनसेसमी ही सगळी साधनं शेवटी त्याच पडद्याला, त्याच ग्राफिक्स कार्डला आणि त्याच कीबोर्डला हुकूम सोडतात. सायकोपायच्या मंडळींनी २०२० साली या साधनांची बाहेरचं मोजणी-उपकरण लावून केलेली तुलना प्रसिद्ध केली. नीट लावलेल्या यंत्रावर यांतल्या पहिल्या चारही साधनांच्या वेळेतला डळमळीतपणा सरासरीने एका मिलिसेकंदाच्या आत होता. ओपनसेसमी किंचित मागे, तेही विशेषतः आवाजाच्या बाबतीत. म्हणजे घोडं पेंड खातं ते 'नीट लावलेल्या' या शब्दांपाशी.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. वेळ चुकली की नाही हा प्रश्न तसा दुय्यम आहे, कारण ती थोडीफार चुकतेच. ती तुमच्या प्रयोगातल्या दोन्ही अटींत, म्हणजे ज्यांची तुलना करायची त्या दोन प्रकारांत, सारखीच चुकली का, हे खरं विचारायचं. सारखी चुकली असेल तर वजाबाकीत ती चूक कटते. एका अटीत जास्त आणि दुसरीत कमी चुकली असेल, तर तुमचा 'परिणाम' माणसाच्या मनातला आहे की संगणकाच्या डिस्कमधला, हे तुम्हालाच सांगता येणार नाही.

आधी ते आकडे वाचा

पडदा हवा तेव्हा चित्र दाखवत नाही. तो ठरावीक ठेक्यावर नवं चित्र घेतो. ६० हर्ट्झचा पडदा असेल तर दर १६.६७ मिलिसेकंदांनी. या एका ठेक्याला फ्रेम म्हणतात. आता वरचे आकडे पुन्हा पाहा. १८३ म्हणजे ११ फ्रेम, २०० म्हणजे १२, आणि २१७ म्हणजे १३. यांच्या मधला एकही आकडा नाही, १९१ नाही की २०८ नाही. त्यामुळे ही 'अचूकता कमी' अशी धूसर तक्रार उरत नाही. एक फ्रेम कधी जास्त मिळते, कधी कमी, एवढाच तो आजार आहे आणि तो निश्चित सापडतो.

सर्वांत साधं कारण म्हणजे तुम्ही वेळ अगदी फ्रेमच्या सीमेवर मागितलेली असते. कोडमध्ये '२०० मिलिसेकंद थांब, मग पुसून टाक' असं लिहिलं की कार्यक्रम २०० मिलिसेकंद झोपतो, उठतो आणि पुढच्या ठेक्याची वाट बघतो. उठायला त्याला केसभर उशीर झाला, म्हणजे ०.३ मिलिसेकंद जरी, तरी बारावा ठेका हुकतो आणि तेराव्याला पुसलं जातं. त्यात ६० हर्ट्झ म्हणून विकलेले कित्येक पडदे प्रत्यक्षात ५९.९४ वर चालतात. तिथे १२ फ्रेम म्हणजे २००.२ मिलिसेकंद. तुमची मागणी आणि पडद्याचा ठेका एकमेकांच्या इतके जवळ असतात की गाडी कधी मिळते, कधी सुटते.

उपाय प्रत्येक साधनात वेगळ्या नावाने आहे, तत्त्व एकच. सायकोपायच्या बिल्डरमध्ये, म्हणजे कोड न लिहिता प्रयोग रचायच्या भागात, घटकाचा कालावधी सेकंदांऐवजी फ्रेमच्या संख्येत द्या, २०० मिलिसेकंदांसाठी १२. सायकटूलबॉक्समध्ये फ्लिपला, म्हणजे नवं चित्र पडद्यावर पाठवणाऱ्या आज्ञेला, 'केव्हा' हा आकडा देताना मागच्या फ्लिपची वेळ अधिक साडेअकरा फ्रेम असा द्या, बारा नाही. अर्धी फ्रेम आधीपासून तयार राहिलं की बाराव्या ठेक्याला तो बिनचूक पकडतो. ओपनसेसमीमध्ये स्केचपॅड या चित्र दाखवणाऱ्या घटकाला २०० ऐवजी १९५ लिहा, कारण तिथेही झोप संपल्यावर पुढच्या ठेक्याची वाट बघितली जातेच. १९५ लिहिलेलं पाहून मार्गदर्शक भुवया उंचावतील, त्यांना हा परिच्छेद वाचायला द्या. ई-प्राइममध्ये कालावधी थोडा कमी ठेवण्याबरोबर प्री-रिलीज चालू करा, म्हणजे आधीची वस्तू पडद्यावर असतानाच पुढची तयार होते. मग फाइलमधला ऑनसेट-डिले हा रकाना बघा. तिथे शून्य-एक दिसायला हवेत. १६ किंवा १७ दिसले तर फ्रेम हुकली.

काही वेळा मात्र मागणीच अशक्य असते. ६० हर्ट्झवर २० मिलिसेकंद मिळत नाहीत, १६.७ मिळतात किंवा ३३.३. मास्क लावून केलेल्या प्रायमिंगच्या प्रयोगांत, म्हणजे क्षणभर दाखवलेलं चित्र लगेच दुसऱ्याने झाकतात तिथे, हे नेहमी घडतं. लेखात ५० मिलिसेकंद लिहिलेले असतात, ते ६० हर्ट्झवर बरोबर ३ फ्रेम होतात. तोच प्रयोग कोणीतरी १४४ हर्ट्झच्या पडद्यावर नेतो आणि तिथे ५० मिलिसेकंद म्हणजे ७.२ फ्रेम. दोन दशांश फ्रेम दाखवता येत नाही. कालावधी ठरवण्याआधी पडदा कोणता आहे हे विचारा, मग त्याच्या पटीत कालावधी निवडा. हा निर्णय शेवटी घ्यायचा नसतो.

फ्रेम का गळते

सगळं बरोबर लिहूनही मधेच ३३ मिलिसेकंद येत असतील तर फ्रेम गळते आहे. चित्र तयार होण्याआधी ठेका निघून गेला. याचा तपास अंदाजाने करू नका, प्रत्येक फ्रेमचं अंतर नोंदवा. सायकोपायमध्ये खिडकीची 'रेकॉर्ड फ्रेम इंटरव्हल्स' ही सोय चालू केली की सगळी अंतरं यादीत जमा होतात, आणि गळलेल्या फ्रेमची मोजणीही मिळते. शेवटी त्यांचा आलेख काढा. पाच मिनिटांचं काम आहे, पण दहातले नऊ जण ते न करता ग्राफिक्स कार्ड विकत घ्यायला निघतात.

आलेख पाहताना उंचवटे कुठे आहेत ते बघायचं. प्रत्येक ट्रायलच्या, म्हणजे चित्र आणि उत्तराच्या एका फेरीच्या, सुरुवातीलाच एक उंचवटा असेल तर चित्र किंवा मजकूर त्या क्षणी डिस्कवरून उचलला जातोय. उंचवटे कुठेही, विस्कळीत असतील तर मागे दुसरं काहीतरी चालू आहे. अँटिव्हायरस, सिस्टिमचं अपडेट, क्लाउडवर फाइली चढवणारा कार्यक्रम, पंधरा टॅब उघडा ब्राउझर. प्रत्येक फ्रेमच ३३ ची असेल तर तुम्ही दर फ्रेमला इतकं काही रेखाटताय की यंत्राला झेपत नाही. हलत्या ठिपक्यांच्या प्रयोगात हजार ठिपक्यांसाठी हजार वेगळ्या वस्तू केल्या की असं होतं. सायकोपायमध्ये त्यासाठी एकत्र रेखाटणारा घटक आहे, तो वापरा.

आणि अंतरं १६.६७ पेक्षा बरीच कमी, दोन-तीन मिलिसेकंदांची दिसली, तर खूश होऊ नका. यंत्र वेगवान आहे असा त्याचा अर्थ नाही. फ्लिप ठेक्याची वाटच बघत नाही, असा त्याचा अर्थ. ग्राफिक्स ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये 'व्हर्टिकल सिंक' बंद आहे किंवा खेळांसाठी कोणीतरी तो बंद केलाय. अशा वेळी फाइलमधल्या चित्र दिसण्याच्या सगळ्या वेळा कल्पित असतात.

दोन पडदे जोडलेले असणं हा आणखी एक जुना गुन्हेगार. प्रयोगकर्त्याला वेगळा पडदा हवा असतो, सहभागीला वेगळा. एक ६० वर, दुसरा ७५ वर असला की संगणक कोणाच्या ठेक्यावर नाचणार हे सांगता येत नाही. निदानासाठी दुसरा पडदा उपटून बघा. तेवढ्याने दुखणं थांबलं तर दोन्ही पडदे एकाच वेगावर आणा, नाहीतर प्रयोगकर्त्याच्या पडद्याचा मोह सोडा. तसंच प्रयोग खिडकीत चालवू नका, पूर्ण पडद्यावर चालवा. खिडकीत चालणारं प्रत्येक चित्र ऑपरेटिंग सिस्टिमच्या जुळवणीतून जातं आणि तिथे बहुधा एखादी फ्रेम आणखी खर्च होते. लॅपटॉप असेल तर चार्जर लावा आणि वीजबचत बंद करा. पडद्याचा वेग गरजेनुसार बदलत ठेवणारी सोय असेल तर तीही.

आता चित्रं उचलण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण इथेच खरा घात होतो. मी स्वतः एकदा चांगला फसलोय. ओळखीच्या वस्तू आणि अनोळखी आकार यांना किती वेळात उत्तर मिळतं, असा साधा प्रयोग होता. निकाल आला तो उलटा. ओळखीच्या वस्तूंना लोक सावकाश उत्तर देत होते, आणि दर सहभागीत तसंच. आम्ही दोन आठवडे त्याचं स्पष्टीकरण शोधत होतो. ओळखीच्या वस्तूमुळे आठवणी जाग्या होतात, त्या आडव्या येतात वगैरे, चर्चेचा भाग अर्धा लिहूनही झाला होता. मग एकाने फोल्डर आकारमानानुसार लावून बघितलं. ओळखीच्या वस्तूंचे फोटो कॅमेऱ्यातून थेट आलेले होते, ४००० बाय ३००० पिक्सेल. अनोळखी आकार चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेले, ५०० बाय ५००. डिस्कवर फोटो दोन-तीन मेगाबाइटचा दिसतो, पण उलगडला की १ कोटी २० लाख पिक्सेल आणि प्रत्येकाचे तीन रंग, म्हणजे साडेतीन कोटींहून जास्त बाइट होतात. ते उलगडून कार्डकडे पाठवेपर्यंत घड्याळ चालूच होतं, कारण मी ते ट्रायलच्या सुरुवातीला शून्य केलं होतं, चित्र दिसण्याच्या क्षणी नाही. सगळे फोटो ५०० बाय ५०० केल्यावर ती आठवणींची उपपत्ती एका दुपारीत विरघळली.

त्यातून तीन सवयी लागल्या. सगळी चित्रं, कोणत्याही अटीतली असोत, पडद्यावर जेवढी दिसणार तेवढ्याच पिक्सेलची करून ठेवायची. ती ट्रायल सुरू होण्याआधी उचलायची. सायकोपायच्या बिल्डरमध्ये त्यासाठी 'स्टॅटिक' घटक आहे, ट्रायलमधल्या रिकाम्या वेळेत तो पुढचं चित्र उचलून ठेवतो. ओपनसेसमीमध्ये तयारी आणि चालवणं हे टप्पे मुळातच वेगळे आहेत. ब्राउझरमध्ये प्रयोग चालवणाऱ्या जेएस-सायकमध्ये प्रीलोड नावाचं प्लगइन आहे. तिसरी सवय म्हणजे घड्याळ फ्लिपच्या क्षणी शून्य करायचं. सायकोपायच्या कोडमध्ये 'कॉल ऑन फ्लिप' वापरून घड्याळ शून्य करण्याचं काम फ्लिपवर टांगता येतं, बिल्डरमध्ये कीबोर्ड घटकावरची 'सिंक विथ स्क्रीन' ही खूण तेच करते. ती खूण कधीही काढू नका.

मजकुराचंही तसंच आहे. सायकोपायच्या जुन्या मजकूर-घटकात दर ट्रायलला शब्द बदलणं संथ असतं. देवनागरी शब्दांच्या प्रयोगात वेगळीच कटकट होते. काही मजकूर-घटकांना जोडाक्षरं आणि वेलांट्या नीट जुळवता येत नाहीत, 'क्षमा' लिहिलं तर 'क्', 'ष', 'मा' असे सुटे तुकडे दिसतात. मी अशा वेळी सगळ्या शब्दांची आधीच चित्रं करतो, एकाच फाँटमध्ये आणि सारख्याच आकाराच्या चौकटीत. चौकट सारखी ठेवायची, शब्द लहान-मोठा असला तरी. वरच्या गोष्टीनंतर याचं कारण सांगायला नको.

सायकटूलबॉक्सवाल्यांसाठी एक वेगळा इशारा. सुरू होताना ते पडद्याच्या ठेक्याची चाचणी घेतं आणि ती फसली तर लाल अक्षरांत मोठी तक्रार करून थांबतं. कोणाच्या तरी जुन्या कोडमध्ये 'स्किप सिंक टेस्ट्स' ला १ दिलेलं असतं, ते उचललं की तक्रार आली तरी कार्यक्रम अडत नाही. आग लागल्यावर घंटेची तार कापावी तसा हा उपाय. लॅपटॉपवर बसून कोड लिहिताना ठीक आहे, पण डेटा घ्यायच्या संगणकावर ती ओळ दिसली तर आधी ती काढा आणि लाल अक्षरांत काय म्हटलंय ते वाचा.

फाइलला जे दिसत नाही

इथपर्यंतच्या सगळ्या नोंदी सॉफ्टवेअरच्या आहेत. 'मी चित्र पाठवलं' एवढंच त्याला कळतं. काचेवर प्रकाश कधी पडला हे त्याला कधीच कळत नाही. एलसीडी पडदा चित्र वरून खाली रेखाटत जातो, त्यामुळे ६० हर्ट्झवर सर्वांत खालची ओळ वरच्या ओळीच्या सुमारे एक फ्रेम मागे असते आणि मध्यभाग साधारण ८ मिलिसेकंद मागे. एका अटीत चित्र पडद्याच्या वरच्या भागात आणि दुसरीत खालच्या भागात दाखवत असाल, तर दहा-बारा मिलिसेकंदांचा फरक तुम्हाला फुकट मिळतो. तो माणसाच्या लक्षाचा नसतो. डावी-उजवी मांडणी केली की तो जातो. याशिवाय पडदा रंग खुलवणं, धारा ठसठशीत करणं असली कामं स्वतःच्या मनाने करतो, त्यात काही पडद्यांवर एकाहून जास्त फ्रेम जातात. पडद्याच्याच बटणांमधल्या यादीत 'गेम मोड' असेल तर तो लावा, ही कामं बहुतेक बंद होतात.

हे मोजायला प्रकाश-संवेदक लागतो. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन ठेवायचा, चित्र आलं की पांढरा आणि गेलं की काळा. त्यावर संवेदक चिकटवायचा. तयार उपकरणं मिळतात, ब्लॅक बॉक्स टूलकिट हे त्यातलं जुनं नाव. इलेक्ट्रॉनिक्सची आवड असलेला विद्यार्थी आर्डुइनोचा छोटा सर्किट-बोर्ड आणि फोटोडायोड हा प्रकाश ओळखणारा भाग जोडूनही एका संध्याकाळी काम भागवतो. तेही नसेल तर सेकंदाला २४० चित्रं घेणारा मोबाइल पडद्यासमोर धरा. प्रत्येक चित्र ४.२ मिलिसेकंदांचं, त्यामुळे १ मिलिसेकंदाची चूक कळणार नाही, पण १२ ऐवजी १३ फ्रेम झाल्या तर व्हिडिओत त्या सरळ मोजता येतात. पहिल्या निदानाला एवढं पुरतं.

ही धडपड नवी नाही. मानसशास्त्रज्ञ वुंट यांनी १८७९ साली लाइपझिगला प्रयोगशाळा सुरू केली, तिथे प्रतिक्रिया-काळ हिप क्रोनोस्कोप या वेळमापकावर मोजत. त्याची तबकडी सेकंदाचा हजारावा भाग दाखवायची. पण आतल्या विद्युतचुंबकाची पकड आणि सुटका विजेच्या प्रवाहाच्या जोरावर अवलंबून असायची, म्हणून आकडा बारीक दिसला तरी तो खरा असेलच असं नाही. मग ते लोक ठाऊक असलेल्या वेळात पडणारा एक हातोडा लावून क्रोनोस्कोपच तपासून घेत. आपला फोटोडायोड म्हणजे तोच हातोडा.

कीबोर्ड: जितका बदनाम तितका दोषी नाही

साधा यूएसबी कीबोर्ड सहसा सेकंदाला १२५ वेळा विचारला जातो, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी. ऐकून धक्का बसतो आणि महागड्या प्रतिसाद-पेटीची, म्हणजे वेळ बारकाईने नोंदवणाऱ्या बटणांच्या पेटीची, मागणी पुढे येते. गणित करून बघा. ० ते ८ मध्ये कुठेही पडणाऱ्या चुकीचं प्रमाण विचलन सुमारे २.३ मिलिसेकंद. एकाच माणसाच्या प्रतिक्रिया-काळाचं ट्रायलगणिक विचलन १०० धरलं, तर दोन्ही मिळून वर्ग-मुळाच्या हिशोबाने १००.०३ होतं. पूर्ण एका फ्रेमची, १६.६७ ची अनिश्चितता धरली तरी १००.१२. माणूसच इतका गोंधळ घालतो की कीबोर्डचा गोंधळ त्यात बुडून जातो. शिवाय तो दोन्ही अटींत सारखा असतो. स्ट्रूपसारख्या (शब्द न वाचता त्याच्या अक्षरांचा रंग सांगायच्या) प्रयोगाला, जिथे एकाच माणसाची दोन अटींत तुलना होते, साधा कीबोर्ड पुरतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

पेटी लागते ती दोन ठिकाणी. एक, मेंदूतल्या विद्युतलहरींची नोंद चालू असेल तेव्हा. तिथे 'आता चित्र आलं' हे नोंदयंत्राला सांगणाऱ्या खुणेचा मिलिसेकंदभर डळमळीतपणाही सरासरी काढताना लहरीचं टोक पसरवतो. खूण पाठवणारी ओळही फ्लिपवरच टांगलेली हवी. दोन, गटांची तुलना वेगवेगळ्या यंत्रांवर होत असेल तेव्हा. मुलांचा गट शाळेत एका लॅपटॉपवर, मोठ्यांचा गट प्रयोगशाळेत दुसऱ्या संगणकावर. दोन्हींच्या पडदा-कीबोर्डच्या स्थिर उशिरात ३० मिलिसेकंदांचा फरक असेल तर तो थेट वयाचा परिणाम म्हणून छापला जाईल. पण इथेही पेटीपेक्षा स्वस्त इलाज आहे. दोन्ही गटांना एकच यंत्र वापरा.

कोडमधली एक चूक मात्र कीबोर्डच्या माथी मारली जाते. सायकोपायच्या जुन्या 'इव्हेंट' पद्धतीत कळ दाबली का हे कार्यक्रम दर फ्रेमला एकदा विचारतो आणि विचारलं तेव्हाची वेळ लिहितो. तपासायचं असेल तर प्रतिक्रिया-काळ १६.६७ ने भागा. उत्तरं पूर्णांकांच्या आसपासच गर्दी करत असतील तर तुम्ही ती पद्धत वापरताय. 'कीबोर्ड' नावाचा नवा वर्ग कळ दाबल्याची वेळ फ्रेमपासून वेगळी नोंदवतो. दोन ओळी बदलाव्या लागतात.

ब्राउझरमध्ये

घरबसल्या भाग घेणाऱ्यांचा डेटा हवा असला की सगळे जेएस-सायक, लॅब.जेएस, गोरिला किंवा सायकोपायच्या पाव्हलोव्हियाकडे येतात. इथे यंत्र तुमच्या हातात नसतं, त्यामुळे वरचे बरेच उपाय बाद. २०२०च्या त्या तुलनेतही ब्राउझर आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्या जोडीगणिक आकडे बरेच बदलत होते.

मला इथे सर्वांत जास्त भेटणारी चूक वरच्याच उपायातून जन्मते. कालावधी फ्रेममध्ये द्यायला आपण शिकलो. तोच १२ फ्रेमचा प्रयोग ऑनलाइन टाकला आणि सहभागीचा पडदा १४४ हर्ट्झचा निघाला, तर चित्र ८३ मिलिसेकंदांतच गायब होतं. १२० च्या पडद्यावर १००. ऑनलाइन प्रयोगात म्हणून कालावधी सेकंदांतच द्या, हव्या त्या वेळेपेक्षा किंचित कमी. सुरुवातीला काही फ्रेम मोजून पडद्याचा वेग फाइलमध्ये लिहून ठेवा. ६० च्या आसपास नसलेल्यांचं काय करायचं हे डेटा येण्याआधी ठरवा.

स्वतः जावास्क्रिप्ट लिहीत असाल तर चित्र बदलायला नुसता टायमर वापरू नका. टायमरला पडद्याचा ठेका ठाऊक नसतो. 'रिक्वेस्ट ॲनिमेशन फ्रेम' ला तो ठाऊक असतो. सहभागीने मधेच दुसरा टॅब उघडला तर ब्राउझर मागच्या टॅबमधलं रेखाटणं थांबवतो आणि टायमरही मंदावतो. नऊ सेकंदांचे प्रतिक्रिया-काळ बहुधा तिथून येतात. टॅब सोडल्याची नोंद ठेवा, ती जेएस-सायकमध्ये आपोआप होते. २०१८ साली स्पेक्टर ही प्रोसेसरमधली सुरक्षा-त्रुटी उघड झाल्यावर ब्राउझरांनी पानाला मिळणारं घड्याळ मुद्दाम जाडंभरडं केलं. मिलिसेकंदाच्या खालचे दशांश ऑनलाइन डेटात छापणं म्हणून हास्यास्पद आहे, तरी लोक चार-चार दशांश छापतात.

आवाजाबद्दल थोडक्यात. ब्लूटूथ हेडफोन वापरू नका, त्यांचा उशीर शंभराच्या पुढेही जातो आणि जोडीगणिक बदलतो. तारेचा हेडफोन घ्या. सायकोपायमध्ये आवाजासाठी 'पीटीबी' ही सॉफ्टवेअर-लायब्ररी निवडा. आवाज आणि चित्र एकत्र हवं असेल तर मोजल्याशिवाय डेटा घेऊ नका.

डेटा आधीच गोळा झाला असेल तर

हा प्रश्न सहसा खालच्या आवाजात विचारला जातो. चाळीस सहभागी झालेले असतात, आणि मग कळतं की फ्रेम गळत होत्या.

फाइली फेकू नका. सायकोपाय डेटाच्या तक्त्याशेजारी एक लॉग फाइलही लिहितं, तिच्याकडे कोणी बघत नाही. तिच्यात प्रत्येक चित्र कोणत्या फ्लिपला दिसायला लागलं, केव्हा थांबलं आणि कळ केव्हा नोंदली गेली याच्या वेळा असतात. घड्याळ चुकीच्या क्षणी शून्य केलेलं असलं तरी कळीच्या वेळेतून चित्र दिसल्याची वेळ वजा करून प्रतिक्रिया-काळ पुन्हा बांधता येतो. चित्रांच्या त्या फजितीत आमचा डेटा असाच वाचला, पुन्हा चाळीस जणांना बोलवावं लागलं नाही. ई-प्राइममध्ये ऑनसेट-टाइम हा रकाना नोंदवायला सांगितला असेल तर तेच काम तो करतो. सांगितला नसेल तर पुढच्या वेळी सांगा.

मग प्रत्येक ट्रायलचा खरा कालावधी काढा आणि ठरलेल्यापेक्षा एक फ्रेम इकडेतिकडे झालेल्या ट्रायल अटीनुसार मोजा. दोन्ही अटींत त्या साधारण सारख्याच असतील तर त्या वगळून विश्लेषण करा, न वगळताही करा, आणि दोन्ही निकाल छापा. एका अटीत ४ आणि दुसरीत ६० असतील तर वगळूनही भागत नाही, कारण उरलेल्या ट्रायलही त्याच कारणाने थोड्या-थोड्या सरकलेल्या असू शकतात. तो प्रयोग पुन्हा करावा लागतो. वगळण्याचा निकष निकाल बघायच्या आधी लिहून ठेवा, कागदावर, तारखेसकट.

पुन्हा करताना साधनाची आवृत्ती गोठवा. सायकोपायच्या सेटिंगमध्ये 'यूज व्हर्जन' आहे, तिथे आकडा लिहा. अर्ध्या सहभागींनंतर कोणी अपडेट दाबलं तर तुमच्या प्रयोगात आवृत्ती नावाची एक नको असलेली अट शिरते. आणि पहिला सहभागी यायच्या आदल्या दिवशी, त्याच संगणकावर, त्याच पडद्यावर, कोणी खुर्चीत नसताना शंभर ट्रायल चालवा आणि फ्रेमच्या अंतरांचा आलेख काढा. मदत मागायची वेळ आलीच, तर तो आलेख, पडद्याचा वेग, ऑपरेटिंग सिस्टिम, साधनाची आवृत्ती आणि पडदे किती जोडलेत एवढं सोबत द्या. 'वेळा चुकतात' एवढ्यावर पहिली चार उत्तरं हेच विचारणारी येतील.